न्यूयॉर्कचा माफिया कशाने खचला: हिशेब तपासणाऱ्याच्या बाजूने उत्तर

मुंबईच्या एका वाचकाने विचारलं आहे: न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टनसारख्या शहरांत पोलिसांकडे माणसं, पैसा, यंत्रणा सगळं होतं, तरी माफिया तिथे पन्नास-साठ वर्षं कसा टिकला? मग 1980 नंतर तो इतका कसा खचला, तेही एन्काउंटर न करता? आणि आपला मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, तिकडच्या टोळ्यांविरुद्धच्या रिको कायद्यासारखाच आहे म्हणतात, तर आपल्याकडे तसा फरक का दिसत नाही?

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी मूळचा सांगलीचा, सीए होऊन इकडे आलो, आणि बरीच वर्षं न्यूयॉर्क-न्यू जर्सीत फॉरेन्सिक अकाउंटंट म्हणून काम करतोय. एखादी बांधकाम किंवा कचरा वाहतुकीची कंपनी गैरव्यवहारात सापडली, आणि शहराने तिला काळ्या यादीत न टाकता देखरेखीखाली काम करू दिलं, की त्या देखरेखीच्या पथकात माझ्यासारखी माणसं असतात. आमची फी ती कंपनी भरते, अहवाल मात्र शहराकडे जातो. त्यामुळे गुंड मी फार थोडे पाहिले. त्यांच्या संबंधातल्या कंपन्यांची बिलं, हजेरीपत्रकं आणि बँकेची खाती मात्र भरपूर पाहिली. उत्तर त्या बाजूने देतो, आणि न्यूयॉर्कवर जास्त बोलतो, कारण तेच मला आतून माहीत आहे.

माफिया म्हटलं की दारू, जुगार आणि ड्रग्ज डोळ्यांसमोर येतात. पण न्यूयॉर्कच्या पाच टोळ्यांची (जेनोवीज, गॅम्बिनो, लुकेझी, कोलंबो, बोनॅनो) सगळ्यांत भरवशाची कमाई कायदेशीर धंद्यांतून होती. काँक्रीट, दुकानांचा आणि ऑफिसांचा कचरा, मासळी बाजार, तयार कपड्यांची वाहतूक, बंदर, विमानतळावरचा माल. हे धंदे एकमेकांपासून दूर वाटतात, पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. या प्रत्येकात उशीर भयंकर महाग पडतो. रेडी मिक्स काँक्रीट प्लांटमधून निघालं की साधारण दीड तासात ओतावं लागतं. पहाटे उतरवलेली मासळी दुपारी कोणी घेत नाही. हंगामाचे कपडे पंधरा दिवस उशिरा दुकानात पोचले तर ते सेलमध्येच जातात. हॉटेलच्या मागचा कचरा तीन दिवस उचलला नाही तर हॉटेल बंद पडतं. जिथे उशिराची किंमत सर्वांत जास्त, तिथल्या फाटकावर जाऊन बसायचं, एवढीच युक्ती. बंदूक दरवेळी काढावी लागत नाही. युनियनच्या माणसाने "उद्या पोरं येतील असं वाटत नाही" म्हटलं की मालकाला कळायचं.

काँक्रीटचं उदाहरण नीट सांगतो, कारण न्यायालयात ते सर्वांत तपशिलात उघड झालं. 1980 च्या सुमारास मॅनहॅटनमधल्या मोठ्या इमारतींच्या काँक्रीटची कामं एका ठरलेल्या वर्तुळात वाटली जात. त्याला काँक्रीट क्लब म्हणत. आपल्याकडे टेंडरमध्ये रिंग होते ना, अगदी तसंच. फक्त इथे रिंगचे पंच टोळ्यांचे प्रमुख होते. 20 लाख ते दीड कोटी डॉलरपर्यंतची कामं क्लबमधल्या मोजक्या ठेकेदारांत आळीपाळीने जायची आणि त्यावर 2 टक्के द्यावे लागायचे. म्हणजे एक कोटीच्या कामावर दोन लाख डॉलर. दीड कोटीच्या वरचं काम एस अँड ए नावाच्या एकाच कंपनीला मिळायचं, आणि तिच्यात जेनोवीजचा अँथनी सालेर्नो आणि गॅम्बिनोचा पॉल कॅस्टेलानो यांचा छुपा हिस्सा होता. पैसे गोळा करायचा राल्फ स्कोपो. तो काँक्रीट कामगारांच्या युनियनचा मोठा पुढारी आणि त्याच वेळी कोलंबो टोळीचा माणूस. कोणी वर्तुळाबाहेर जाऊन दर भरला तर त्याला सिमेंट वेळेवर मिळत नसे, कामगार मिळत नसत.

आता एक गोष्ट, जी पोलिसी कथांमध्ये येत नाही. यातला ठेकेदार दरवेळी बिचारा नसायचा. रिंगमध्ये असलेल्याला स्पर्धा नाही, दर चढा, काम नक्की. 2 टक्के तो बिल्डरच्या माथी मारायचा, बिल्डर भाडेकरूच्या, आणि सरकारी काम असेल तर करदात्याच्या. शिवाय युनियनच्या नियमांतून सूट मिळायची. कमी पगारावर बाहेरचे मजूर घेतले तरी कोणी विचारत नसे, आणि पेन्शन फंडात भरायची रक्कम वाचायची. म्हणजे लुटला जायचा तो कामगार आणि ग्राहक, आणि त्यांना आपण लुटले जातोय हे कळायचंच नाही. मग तक्रार करणार कोण? पोलिसांचं काम तक्रारीवर चालतं. ज्या गुन्ह्यात फिर्यादीच नाही, तो पोलीस ठाण्याच्या डायरीत येत नाही. माफिया टिकला याचं माझ्या मते हे पहिलं कारण आहे, आणि बंदुकांपेक्षा मोठं आहे.

दुसरं कारण म्हणजे पोलीस स्वतः. 1970 ते 72 या काळात न्यूयॉर्क पोलिसांची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगासमोर फ्रँक सर्पिको या पोलिसाने आणि इतरांनी जे सांगितलं, ते वाचताना आपल्याकडच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. जुगाराचे अड्डे महिन्याला ठरलेला हप्ता द्यायचे, तो साध्या वेशातल्या पोलिसांत दर्जाप्रमाणे वाटला जायचा, नवीन बदलून आलेल्याला त्याचा वाटा ठरावीक काळानंतर सुरू व्हायचा. संघटित गुन्हेगारीविरुद्ध लढणारं खातं त्याच पैशावर पोसलं जात होतं.

तिसरं कारण रचनेचं. अमेरिकेत सुमारे 18,000 वेगवेगळी पोलीस खाती आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं (म्हणजे साधारण जिल्ह्याचं) वेगळं, राज्याचं वेगळं, वर केंद्राची तपास यंत्रणा एफबीआय. आपल्यासारखी एका राज्याची एक पोलीस यंत्रणा नाही. टोळी पाच काउंट्यांत पसरलेली आणि तपास एका काउंटीत अडकलेला. एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूवर तर देशव्यापी माफिया आहे हेच वर्षानुवर्षं मान्य करत नव्हता. 14 नोव्हेंबर 1957 ला न्यूयॉर्क राज्यातल्या अपालाचिन गावात एडगर क्रॉसवेल या राज्य पोलिसातल्या सार्जंटला एका बंगल्याबाहेर परगावच्या महागड्या गाड्यांची रांग दिसली. त्याने रस्ता अडवला आणि देशभरातले साठेक टोळीप्रमुख जंगलात पळताना सापडले. तेव्हा कुठे हूवरला हलावं लागलं. आणि त्यानंतरही काय झालं? वीस जणांवर कटाचा खटला चालला, शिक्षा झाल्या, आणि 1960 मध्ये वरच्या न्यायालयाने त्या रद्द केल्या. एकत्र जमणं हा गुन्हा नव्हता.

तोवरची पद्धत अशी होती की माणूस पकडायचा, ज्या कलमात बसेल त्यात बसवायचा. शिकागोत अल कपोनला 1931 मध्ये आयकर चुकवल्याबद्दल 11 वर्षं दिली. न्यूयॉर्कमध्ये थॉमस ड्यूई या सरकारी वकिलाने 1936 मध्ये लकी लुसियानोला वेश्याव्यवसायाच्या खटल्यात 30 ते 50 वर्षांसाठी आत टाकलं. दोन्ही मोठे विजय. पण शिकागोची टोळी कपोननंतर आणखी श्रीमंत झाली आणि लुसियानोची टोळी पुढे जेनोवीज नावाने नांदली. माणूस गेला, गादी राहिली. एन्काउंटरने नेमकं हेच होतं. एक नाव यादीतून कमी होतं आणि त्याच्या हाताखालचा वसुली चालू ठेवतो.

कायदा बदलला तो दोन टप्प्यांत. 1968 च्या कायद्याने न्यायालयाच्या आदेशाने फोन आणि खोल्या ऐकण्याची रीतसर सोय केली. 1970 मध्ये रिको आला, त्याचा मसुदा रॉबर्ट ब्लेकी यांचा. रिकोआधी प्रत्येक गुन्हा वेगळा चालायचा. खुनाच्या खटल्यात खंडणीचं बोलायचं नाही, खंडणीच्या खटल्यात टोळीचं नाव घ्यायचं नाही; बचावाचे वकील लगेच हरकत घ्यायचे. रिकोने सांगितलं की एखादा धंदा, युनियन किंवा टोळी गुन्ह्यांच्या मालिकेतून चालवणं हाच गुन्हा. दहा वर्षांत असे किमान दोन गुन्हे दाखवा, ते त्या संस्थेशी जोडा, की सगळं एकाच ज्यूरीसमोर मांडता येतं. स्वतः कधी पिस्तूल हातात न धरलेला प्रमुख पहिल्यांदा कायद्याच्या टप्प्यात आला. गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जप्त करता आली. आणि याच कायद्याला एक दिवाणी बाजू होती, तिच्याकडे मी पुढे येतो.

पण हा कायदा दहा वर्षं जवळजवळ पडून होता. सरकारी वकिलांना तो किचकट वाटायचा आणि एफबीआय अटकांचे आकडे मोजण्यात खूश होती. ब्लेकी यांनी कॉर्नेल विद्यापीठात वकील-पोलिसांचे वर्ग घेऊन तो शिकवला. 1980 च्या सुमारास एफबीआयच्या न्यूयॉर्क कार्यालयाने आपली रचना बदलली. जुगाराचं पथक, अपहरणाचं पथक अशी विभागणी मोडली आणि एका टोळीमागे एक पथक लावलं. त्या पथकाने त्या टोळीचा धंदा, नातीगोती, भांडणं, सगळं वर्षानुवर्षं अभ्यासायचं. वर्तमानपत्रात येण्यासारखी ही बातमी नव्हती, पण माझ्या मते सगळं फिरलं ते इथून.

फोन ऐकण्याबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे की एकदा परवानगी मिळाली की झालं. प्रत्यक्षात काम फार कंटाळवाणं आणि नियमांनी बांधलेलं असतं. आधी न्यायाधीशांना पटवावं लागतं की साध्या मार्गांनी तपास करून पाहिला आणि जमला नाही. आदेश जास्तीत जास्त 30 दिवसांचा, मग पुन्हा अर्ज. ऐकणाऱ्याने कानाला हेडफोन लावून बसायचं; समोरचा बायकोशी डॉक्टरच्या अपॉइंटमेंटबद्दल बोलायला लागला की बंद करायचं, थोड्या वेळाने क्षणभर चालू करून विषय बदलला का पाहायचं, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी नोंद करायची. मुदत संपली की मूळ टेपा ताबडतोब न्यायाधीशांसमोर सीलबंद. यात एक चूक झाली की महिन्यांचं काम बाद होऊ शकतं. पण हे सगळं पाळून न्यायालयात पोचलेल्या टेपेला उलटतपासणीत धमकावता येत नाही आणि ती जबाब फिरवत नाही.

या टेपा मिळाल्या कशा, त्याची एक साखळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लाँग आयलंडवर एक छोटा कचरा वाहतूकदार होता. वडिलांनी उभा केलेला धंदा, काही ट्रक. तिथल्या कचरा ठेकेदारांच्या संघटनेत ग्राहकांची वाटणी ठरलेली होती, आणि याने त्यात सामील व्हायला नकार दिला. ट्रकांची नासधूस झाली, धमक्या आल्या. तो राज्याच्या संघटित गुन्हेगारी पथकाकडे गेला आणि अंगावर रेकॉर्डर लावून त्याच लोकांच्या बैठकांना जाऊ लागला. त्याच्या माहितीमुळे पथकाचं लक्ष साल्वातोर अव्हेलिनो या माणसावर गेलं. अव्हेलिनो ती संघटना हाताळायचा आणि लुकेझी टोळीचा प्रमुख टोनी कोरॅलो याला आपल्या जॅग्वार गाडीतून फिरवायचा. पथकाने 1983 मध्ये त्या गाडीत मायक्रोफोन बसवला. फोनवर शब्द न बोलणारा कोरॅलो गाडीत मोकळेपणाने बोलायचा: पाच टोळ्यांच्या प्रमुखांचं कमिशन म्हणून जे मंडळ 1931 पासून चालत आलं होतं, त्याच्या बैठका, काँक्रीटचे वाटे, कोण कोणावर नाराज. त्याच सुमारास एफबीआयने स्टेटन आयलंडवर कॅस्टेलानोच्या घरातही मायक्रोफोन ठेवला.

यातून कमिशन खटला उभा राहिला. आरोपपत्र फेब्रुवारी 1985 चं, रूडी ज्युलियानी तेव्हा मॅनहॅटनचे संघराज्य सरकारी वकील. कॅस्टेलानो खटला सुरू होण्याआधीच, 16 डिसेंबर 1985 ला, त्याच्याच टोळीतल्या जॉन गॉटीच्या माणसांकडून एका हॉटेलबाहेर मारला गेला. 19 नोव्हेंबर 1986 ला उरलेल्या आठही आरोपींना दोषी ठरवलं आणि जानेवारी 1987 मध्ये सालेर्नो, कोरॅलो, कोलंबोचा कारमाइन पर्सिको, स्कोपो यांच्यासह सात जणांना प्रत्येकी शंभर वर्षांची शिक्षा झाली.

आणि लाँग आयलंडचा तो वाहतूकदार? ऑगस्ट 1989 मध्ये तो आणि त्याच्यासोबत काम करणारा त्याचा मेहुणा, दोघांना त्यांच्याच ऑफिसात गोळ्या घातल्या. त्या कटातला आपला भाग अव्हेलिनोने 1994 मध्ये न्यायालयात कबूल केला. दोघांच्या कुटुंबांनी राज्य सरकारवर दावा लावला आणि संरक्षणात निष्काळजीपणा झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं. माफियाच्या प्रमुखांची नावं सगळ्यांना पाठ असतात. या दोघांचं ऋण या शहराने नीट फेडलं नाही असं मला वाटतं, आणि साक्षीदार संरक्षणाबद्दल बोलताना मला आधी तेच आठवतात. 1970 च्या कायद्याने संघराज्याची साक्षीदार संरक्षण योजना सुरू झाली होती. नवीन नाव, नवीन गाव, नवीन कागदपत्रं. आजवर साक्षीदार आणि कुटुंबीय धरून 19,000 हून जास्त लोकांना ते संरक्षण मिळालं. योजनेत जायचं तर घर, धंदा, नातेवाईक सगळं सोडावं लागतं. टोळीतून फुटलेल्या गुंडाला ते परवडतं. वडिलांचा धंदा वाचवण्यासाठीच लढणाऱ्याला कसं परवडावं?

शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षांनंतर टोळ्या संपल्या का? नाही. नवे प्रमुख बसले. गॉटी 1987 मध्ये सुटला (ज्यूरीतल्या एकाला पैसे चारल्याचं नंतर सिद्ध झालं), 1990 मध्ये पुन्हा सुटला, आणि शेवटी 1992 मध्ये स्वतःच्या बैठकीच्या जागेतल्या टेपा आणि त्याचा उजवा हात सॅमी ग्रावानो याची साक्ष यांमुळे जन्मठेपेवर गेला. तो आत गेला तरी कचऱ्याची बिलं तीच होती.

कचऱ्याचं असं होतं. 1950 च्या दशकात शहराने दुकानं-ऑफिसांचा कचरा उचलणं बंद केलं आणि ते खाजगी गाड्यांवर सोडलं. प्रत्येक दुकान कोणा ना कोणा वाहतूकदाराच्या मालकीचं मानलं जायचं. दुकान बदललं, मालक बदलला, तरी कचरा त्याचाच. दुसऱ्याने ते गिऱ्हाईक घेतलं तर संघटना निवाडा करून महिन्याच्या बिलाच्या कित्येक पट भरपाई द्यायला लावायची. शहराने कमाल दर ठरवून दिला होता. या मंडळींनी तोच किमान दर करून टाकला. 1990 नंतर देशातली एक बलाढ्य कचरा कंपनी न्यूयॉर्कमध्ये शिरू पाहत होती, तर तिच्या अधिकाऱ्याच्या अंगणात कुत्र्याचं कापलेलं मुंडकं आणि न्यूयॉर्कमध्ये स्वागत असल्याची चिठ्ठी सापडली. धंदा वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलरचा होता.

मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेनथाऊ आणि न्यूयॉर्क पोलिसांनी काय केलं, तर एक डिटेक्टिव्ह ब्रुकलिनच्या एका रद्दी-कागद कंपनीत मालकांचा चुलतभाऊ बनून सुमारे तीन वर्षं राहिला. संघटनेत शिरला, पैसे दिले, सगळं टेप केलं. जून 1995 मध्ये आरोपपत्र आलं: 17 माणसं, 23 कंपन्या आणि 4 व्यापारी संघटना. पण यावेळी शहर अटकांवर थांबलं नाही. 1996 मध्ये कायदा करून एक स्वतंत्र परवाना आयोग नेमला. कचरा उचलायचा असेल तर मालक, भागीदार, मुख्य अधिकारी सगळ्यांनी बोटांचे ठसे आणि आर्थिक माहिती द्यायची. चारित्र्य स्वच्छ नाही असं आयोगाला पुराव्यावरून वाटलं तर परवाना नाकारता येतो. त्यासाठी आधी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. करार दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. वाहतूकदार न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये हरले. दर कोसळले. वर्ल्ड ट्रेड सेंटरचं कचऱ्याचं वर्षाचं बिल 30 लाख डॉलरवरून 6 लाखांवर आलं. ती मधली रक्कम म्हणजे टोळीचा कर होता, आणि तो कुठल्याही गुंडाच्या अटकेने कमी झाला नव्हता.

मासळी बाजारातही हाच मार्ग घेतला. फुल्टन मार्केटमध्ये 1920 च्या दशकापासून ट्रक कोणी उतरवायचा हे टोळी ठरवायची. 1988 मध्ये दिवाणी रिकोखाली न्यायालयाने प्रशासक नेमला, आणि 1995 मध्ये शहराने परवान्यांचा कायदा करून जुन्या उतरवणी कंपन्या हटवल्या. ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनवर 1989 च्या समझोत्याने न्यायालयाची देखरेख आली, ती पंचवीस वर्षांहून जास्त टिकली. कपड्यांच्या वाहतुकीतून गॅम्बिनो बंधूंना 1992 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलर दंड भरून तुरुंगवासाऐवजी धंदा सोडायला लावलं. तेव्हा लोक चिडले होते की पैसे देऊन सुटले. मला तो सौदा आजही योग्य वाटतो.

आमचं काम या टप्प्यावर येतं. 2 टक्के रोख द्यायचे, पण कंपनीचा व्यवहार चेकने. मग रोख आणायची कुठून? एक सामान पुरवणारी कंपनी कागदावर उभी करतात. तिचं बिल येतं, "साइट क्लीनिंग" किंवा "इक्विपमेंट रेंटल", रक्कम नेहमी गोल. चेक जातो आणि चेक वटवणाऱ्या दुकानात रोख होतो, दुकानदार कमिशन कापतो. आम्ही आधी पाहतो की बिलांचे क्रमांक सलग आहेत का. ज्या पुरवठादाराचं 101 नंतरचं बिल 102 आहे आणि मध्ये तीन महिने गेलेत, त्याला जगात दुसरं गिऱ्हाईक नाही. हजेरीपत्रक हा दुसरा धागा. पगार घेणारा पण कधी न येणारा माणूस शोधायला सकाळी सात वाजता साइटच्या फाटकावर उभं राहून हेल्मेटं मोजावी लागतात, मग सरकारला सादर केलेल्या पगारपत्रकाशी ताळा. पत्रकात चौदा आणि फाटकात अकरा, तर त्या तिघांचे पत्ते काढायचे. बरेचदा त्यातला एक कोणाचा तरी जावई निघतो. 11 सप्टेंबर 2001 नंतर ढिगारा उपसण्याच्या कामावर शहराने चार देखरेख कंपन्या नेमल्या, कारण पहिल्या आठवड्यांतच पोलादाचा काही माल भंगारवाल्यांकडे गेल्याचं आढळलं होतं. मग ट्रकांवर जीपीएस बसवलं. ट्रक ठरलेल्या रस्त्यावरून ढळला की कळायचं. इतक्या साध्या उपायाने चोरी आटोक्यात आली.

आता या यशाची काळी बाजू, कारण तिच्याशिवाय उत्तर खोटं ठरेल. टोळीत शिरायचं तर खबरे लागतात, आणि खबऱ्याशी नातं कुठे तुटायला हवं हे न कळल्याने बोस्टनमध्ये एफबीआयची अब्रू गेली. 1975 पासून आयरिश टोळीचा प्रमुख व्हाइटी बल्जर त्यांचा खबऱ्या होता; त्याने इटालियन माफियाची माहिती द्यायची. बदल्यात त्याला हाताळणारा एफबीआय एजंट जॉन कॉनोली त्यालाच माहिती पुरवू लागला: कोण साक्ष देतोय, कुठे मायक्रोफोन आहे. त्या माहितीवर माणसं मारली गेली. राज्य पोलीस वेगळा तपास करत होते, त्यांचे सापळे फुटत राहिले. आरोपपत्र येणार हे कळताच बल्जर पळाला आणि 2011 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. 2013 मध्ये 11 खुनांत त्याचा हात सिद्ध झाला. कॉनोलीला 2002 मध्ये दोषी ठरवलं आणि 2008 मध्ये पुन्हा, यावेळी खुनाच्या गुन्ह्यात. त्याआधीचं आणखी एक प्रकरण तर वाचवत नाही. 1965 च्या एका खुनात चार निरपराध माणसांना शिक्षा झाली, आणि आपला खबऱ्या खोटं बोलतोय हे माहीत असून एफबीआय गप्प राहिली. दोघे तुरुंगातच मेले. 2007 मध्ये न्यायालयाने सरकारला 10 कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली.

न्यूयॉर्कमध्ये लुई एपोलिटो आणि स्टीफन कॅराकॅपा हे दोन डिटेक्टिव्ह लुकेझी टोळीच्या पगारावर होते. पोलिसांच्या संगणकावरून त्यांनी टोळीला एका माणसाचा पत्ता काढून दिला, तो नावसाधर्म्याने चुकला, आणि 1986 च्या नाताळच्या दिवशी एक भलताच तरुण घराबाहेर मारला गेला. दोघे 2006 मध्ये दोषी ठरले. आणि बाल्टिमोरमध्ये 2017 साली बेकायदा बंदुका शोधणाऱ्या पोलीस पथकातल्या सात जणांवर रिकोच लावला; ते लोकांना लुटत होते आणि न केलेल्या कामाचा ओव्हरटाइम उचलत होते. पोलिसांच्या हजेरीपत्रकाचाही ताळा घ्यावाच लागतो.

एक मर्यादाही सांगतो. हे तंत्र रचना असलेल्या, धंद्यात रुजलेल्या टोळीवर चालतं. आजच्या शिकागोत किंवा ब्राँक्समध्ये गल्लीगल्लीत वीस-पंचवीस पोरांचे गट आहेत, त्यांना ना गादी ना धंदा. 2016 मध्ये ब्राँक्समध्ये एका झटक्यात 120 जणांवर संघराज्याने गुन्हे दाखल केले. त्यात टोळीशी जेमतेम ओळख असलेली पोरंही ओढली गेली अशी टीका झाली, आणि ती मला पटते. तिथे खुनाचा तपास लागणं जास्त मोलाचं आहे. अमेरिकेत 2020 ते 2022 या काळात जवळपास निम्मे खून उलगडले नाहीत. ज्या वस्तीत मारेकरी मोकळा फिरतो तिथे साक्ष कोण देणार?

राहिला मकोका. 1999 च्या या कायद्यावर रिकोची छाया स्पष्ट आहे. दहा वर्षांची मुदत, गुन्ह्यांची मालिका, फोन ऐकण्याची सोय. पण दोन फरक मोठे आहेत. मकोकाला मागच्या दहा वर्षांतली एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात, म्हणजे आधीच पोलिसांच्या नजरेत असलेली टोळीच त्यात बसते. काँक्रीट क्लबसारखी रिंग, जिच्याविरुद्ध कधी फिर्यादच झाली नाही, ती बसत नाही. दुसरं, मकोकात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे सगळा जोर कबुलीवर जातो आणि ती न्यायालयात फिरवली जाते. शिवाय रिकोची दिवाणी बाजू आपल्याकडे नाही, म्हणजे एखादी संस्था न्यायालयाच्या देखरेखीखाली घेऊन वर्षानुवर्षं साफ करण्याची सोय नाही.

तेव्हा मला विचाराल तर नवीन कलमांची वाट पाहण्याआधी महापालिकांकडे पाहावं. डेब्रिज, पाण्याचे टँकर, वाळू, कचरा, पार्किंग, हे सगळे उशीर न परवडणारे धंदे आहेत. एखाद्या महापालिकेने टेंडर भरणाऱ्या कंपन्यांचे खरे मालक तपासायचा अधिकार आणि चार चांगले हिशेबनीस एका स्वतंत्र खात्याला दिले, तर त्यांनी पहिल्या महिन्यात एवढंच करावं: गेल्या पाच वर्षांत एका कामासाठी एकमेकांविरुद्ध दर भरलेल्या कंपन्यांचे पत्ते, फोन नंबर, सही करणारे आणि बयाणा रक्कम कोणत्या खात्यातून आली, हे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडावं.